हजर किती, घरचे किती

दिवेलागणीला आमच्या वाडीत कुठल्याही घरी जाऊन बसा. चहा येईल न येईल, शिवराम हवालदार मात्र येणारच. पडवीत पाय ठेवणार नाही. खळ्यातच टाचा जुळवून उभा राहणार. खाकी अर्धी चड्डी, गळ्यात शिट्टी, काखेत वही. 'बसा' म्हटलं तर ऐकू न आल्यासारखं करणार आणि विचारणार, "हजर किती?"

पाहुण्याला वाटतं, हा शिरगणतीवाला असावा. तो गोंधळतो. घरातली बाई आतूनच ओरडते, "चार!"

"घरचे किती?"

"सहा!"

दोन्ही आकडे वहीत जातात. "ठीक. पाटी बघून ठेवा," असं म्हणून स्वारी पुढच्या घराला. बत्तीस घरं आहेत आमच्या वाडीत. कुणाकडे लग्न असो, मयत असो, गणपती बसलेले असोत, त्याची फेरी चुकली नाही. एकदा गुरवाच्या अण्णाजीच्या पोरीला बघायला पाहुणे आले होते. पोहे हातात, पोरगी समोर, आणि दारात हा: "हजर किती? पाहुणे धरून सांगा." पाहुण्यांनी जाताना अण्णाजीला बाजूला घेऊन विचारलं, वाडीवर काही पोलिसांची नजर आहे काय. लग्न जमलं, ही देवाची कृपा.

मी धनावडे. हवालदाराच्या समोरच्या घरात राहतो. शाळा दुसरीपर्यंत. त्यापुढं मास्तरांचं आणि माझं जमलं नाही, आणि चूक मास्तरांची होती असं माझं आजही म्हणणं आहे. तेव्हा इथं शब्द इकडचा तिकडं झाला तर खपवून घ्या. माणूस मात्र मी इकडचा तिकडं होऊ देणार नाही.

आमची वाडी हातखंब्यावरून आत, डोंगराच्या पोटाला. खाली भाताचे मळे, मध्ये घरं, वर कातळ. रस्त्यावरून घरांपर्यंत यायला जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी आहे, तेवढीच काय ती वाट. हवालदार पलटणीतून पेन्शन घेऊन आला तेव्हा लोक म्हणाले, "काय शिवराम, रिटायर झालास?" तो भडकला. "रिटायर नाही. राखीव. सरकार बोलवेल तेव्हा हजर." राखीव माणसाला म्हणे पत्र येतं आणि मग निघावं लागतं. पोस्टमन पाखाडी चढताना दिसला की हा शर्टाची बटणं लावून खळ्यात उभा. सहा वर्षांनी पत्र आलं. त्याची राखीवची मुदत संपली असं त्यात लिहिलं होतं. त्यानं ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि मला म्हणाला, "धनावडे, मुदत कागदाची संपली. माझी नाही."

मी त्याच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा. बाकीची सगळी मला आबा म्हणतात. हा धनावडे म्हणतो. सुरुवातीला मला फार राग यायचा.

पाट्यांचं प्रकरण असं. त्यानं एकतीस घरांना शाळेतली एकेक दगडी पाटी दिली आणि चौकटीला टांगायला लावली. रात्री घरात जेवढी माणसं झोपणार, तेवढा आकडा दिवे लागायच्या वेळी पाटीवर हवा. कशाला? तर दरड कोसळली, आग लागली, पूर आला, तर आत किती आहेत हे बाहेरच्याला कळलं पाहिजे. "आधी मोजा, मग धावा," हे त्याचं आवडतं वाक्य. पलटणीत असताना परमुलखात पुराच्या कामाला तो कितीदा गेला होता. सांगायचा, "धनावडे, लोक धावतात तिथंच घोळ होतो. बाहेर आलेल्या माणसाला आत शोधत बसतात, आणि आत राहिलेला मरतो."

बोलणं खरं होतं, पण आमच्याकडं एक अडचण होती. अर्धी वाडी मुंबईला. आणि मुंबईला गेलेल्या माणसाला आमच्याकडं घरातून वजा करत नाहीत. घरात किती असं विचारलं की आई मुंबईचा मुलगा धरूनच आकडा सांगते. त्याला वगळणं म्हणजे त्याच्या आयुष्यावर पाणी सोडणं. पहिल्याच दिवशी आमच्या घरी भांडण झालं.

"काकी, हजर किती?"

"सहा," आमची घरातली म्हणाली.

"मला चार दिसतात."

"दोघं मुंबैला हायत."

"मग हजर चार."

"माज्या पोरांना वजा करतोस? जिती हायत ती! तुज्या त्या वहीला लाव आग!" तिच्या हातात केरसुणी होती. पलटणीतला माणूस दोन पायऱ्या मागं गेला, हे मी या डोळ्यांनी पाहिलं.

त्या दिवशी एकतीस घरांत हेच झालं. शेवटी मी तोडगा काढला. पाटीवर दोन आकडे. वर हजर, खाली घरचे. मुंबईवाला खाली राहील, वजा होणार नाही. सगळ्या बायका खूश. ही अक्कल माझी. हवालदार ती स्वतःची म्हणून सांगतो, ते खरं धरू नका.

पुढं पुढं पाट्यांची वाडीला गंमत वाटू लागली. नवरा-बायकोचं वाजलं की बायको हजरचा आकडा एकानं कमी करायची. रस्त्यानं जाणाऱ्याला कळायचं, आज या घरात नवरा जिवंत असून हिशेबात नाही. हवालदार अशा पाटीपुढं थांबून गंभीरपणे विचारायचा, "माणूस बाहेर आहे की बाद आहे?"

दर रविवारी देवळासमोरच्या सहाणेवर, दरडी-पुरासाठी वाडीतल्या गड्यांचं त्यानं उभं केलेलं पथक भरायचं. पालखी ठेवायची ती जागा, तिथं हा डाव्या-उजव्याची कवायत घ्यायचा. दोन वासे आणि दोन पोती यांची डोली करायची, तिच्यात अण्णाजी गुरवाला झोपवायचं आणि पाखाडीवरून खाली न्यायचं. अण्णाजीच का? तर तो वाडीत सगळ्यात जड. "गुरव पोचला तर कुणीही पोचेल." अण्णाजी डोलीत पडल्या पडल्या विडी ओढायचा आणि सूचना द्यायचा, "हळू रे, डावा खांदा खाली जातोय. सासऱ्याच्या वरातीत चाललाव काय?"

शिट्टीचे तीन हुकूम होते. एक शिट्टी, थांबा. दोन, चूप. तीन, सगळं टाकून पळा. एकदा एकादशीच्या भजनात, बुवा ऐन रंगात आलेले, याला वाटलं बघू या परीक्षा, आणि यानं दोन शिट्ट्या मारल्या. मृदंगवाल्याचा हात वरच राहिला. बुवांचा 'आ' तोंडातच. सगळं देऊळ गप्प. तेवढ्यात मी शिंकलो. "धनावडे, तुमच्या शिंकेखाली माणूस मेला असता," असं सगळ्यांसमोर म्हणाला.

मी पथकात जाणार नव्हतोच. पण तो एकदा म्हणाला की साठीच्या वरच्यांना हे जमायचं नाही. पुढच्या रविवारी मी पहिल्या रांगेत. आणि एकही रविवार चुकवला नाही, हे लिहून ठेवतो.

आता बत्तिसावं घर. एकतीस घरांना पाट्या होत्या म्हटलं, ते मुद्दाम. बत्तिसावं घर भागीरथी वयनीचं. हवालदाराच्या थोरल्या भावाची बायको. दोघांच्या घरांत कंबरभर उंचीचा दगडी गडगा, आणि नऊ वर्षांत त्या गडग्यावरून एक शब्द इकडून तिकडं गेला नव्हता.

कारण सगळ्या वाडीला ठाऊक होतं. थोरला भाऊ अचानक गेला तेव्हा शिवराम परमुलखात पुराच्या कामावर होता. तार गेली. हा आला तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. वयनी दारात उभी राहिली आणि म्हणाली, "परक्यांची माणसं काढीत व्हतास ना? मग तिकडंच ऱ्हायचंस." दार लावून घेतलं. त्यानंतर तिच्या घरी हवालदाराची फेरी नाही, पाटी नाही. गडग्यालगतच्या विहिरीवर बायकांना ती ऐकवायची, "हजर किती म्हनं! सख्खा भाऊ गेला तवा हा हजर व्हता काय?" तो गडग्यापलीकडून ऐकायचा आणि वहीत काहीतरी लिहिल्यासारखं करायचा.

मला त्यानं एकदाच सांगितलं. मी विचारलं नव्हतं. "तार हातात आली तेव्हा बोट सुटत होती. समोर छपरावर माणसं. तारेत चांगलं कधी नसतं. म्हटलं छपरं रिकामी करू, मग वाचू. खिशात ठेवली. तीन दिवसांनी शर्ट काढला तेव्हा ती भिजून गेली होती." एवढं बोलून तो उठला. मी नंतर हे वयनीला सांगायला गेलो तर ती म्हणाली, "आबा, वकिली नको." मी परत आलो. मी हट्टी आहे, पण ती माझ्यापेक्षा हट्टी.

त्या वर्षी श्रावणात पावसानं चार दिवस डोळा मिटला नाही. कातळावरून पाणी खाली येत होतं ते लाल चहासारखं. हवालदार दोन दिवस वर जाऊन येत होता. वयनीच्या घरामागच्या धारेला, म्हणजे डोंगराच्या कडेला, भेग पडलीय, खालच्या घरांनी देवळात झोपा, असं त्यानं दारोदार सांगितलं. दोन घरं देवळात झोपायला गेली. वयनीला हा निरोप त्यानं बबनकडून पाठवला. बबन तिच्या भावाचा मुलगा, तोही आमच्याच वाडीत. तिनं बबनला विचारलं, "कुनी सांगितलंन?" त्यानं नाव सांगितलं. ती म्हणाली, "मंग मी हितंच झोपनार."

चौथ्या दिवशी सकाळी, उजाडून दोन घटका झाल्या असतील, आवाज झाला. मोठा नव्हता. गाडीभर खडी ओतावी तसा. मग खाली जमीन हलली आणि मी पडवीत आलो तर समोर वयनीचं घर नव्हतं. लाल चिखल, मोडके वासे, कौलं आणि एक आडवी पडलेली सागाची चौकट.

वाडी धावली. चाळीसएक माणसं चिखलात. सगळ्यांनी स्वयंपाकघराच्या जागेवर कुदळी घातल्या, कारण त्या वेळेला बाई चुलीशी असणार. कुणी ओरडत होतं, "वयनी!" कुणी, "सुरेश, ए सुरेश!" सुरेश तिचा मुलगा, मुंबईला नोकरीला, आठ दिवस गावी आला होता. कालच तिनं विहिरीवर सांगितलं होतं, "आमी दोघं हाव घरात." म्हणजे दोघं आत.

एक शिट्टी झाली.

खोटं सांगत नाही, चाळीस कुदळी जिथल्या तिथं थांबल्या. हवालदार गडग्यावर उभा होता. तोंडावरून पाणी निथळत होतं. "पथक बाहेर. बाकीचे गडग्यापलीकडं. पाट्या सांगा!"

मला राग आला. आत माणसं आणि हा पाट्या विचारतो. पण तोंडातून आपोआप निघालं, "धनावडे, हजर चार, चारी उभे." मग अण्णाजी, "गुरव सात, सात." एकेक घर बोलत गेलं. बघता बघता एकतीस घरं झाली. चिखल खालच्या दोन घरांवरही गेला होता, आणि तिथलीही माणसं देवळात मोजून पुरी होती. म्हणजे जे काही होतं ते एकाच घरात.

"भागीरथीबाईंच्या घरात दोन!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"एक," हवालदार म्हणाला.

"आरं, काल तीच सांगत व्हती दोघं म्हनून!"

"ते घरचे. हजर एक. सुरेश मंगळवारी पहिल्या गाडीनं गेला. ती वळणापर्यंत पोचवायला गेली होती. गाडी दिसेनाशी झाल्यावरही उभी होती. मग एकटी परत आली. वाटेत एकदा बसली."

नऊ वर्षं ज्या घराकडं त्यानं मान वळवली नव्हती असं आम्ही समजत होतो, त्या घरातली बाई वाटेत कितीदा बसली ते त्याला ठाऊक होतं.

खाली मळ्यात वयनीची म्हैस उभी होती, हंबरत. हवालदारानं तिच्याकडं बघितलं, धावत जाऊन गळ्यातलं दावं हातात घेतलं आणि तिथूनच ओरडला, "स्वयंपाकघर सोडा! दावं तुटलेलं नाही. गाठ सोडलेली आहे. तिनं हातानं सोडलीय. ती गोठ्यात आहे!"

गोठा घराच्या दुसऱ्या टोकाला. बबन ऐकेना. तो आपला स्वयंपाकघरावर पहार घालत होता, रडत होता, "आत्ये, आत्ये." हवालदारानं जाऊन त्याच्या हातातली पहार काढून घेतली.

"तू मागं हो."

"माजी आते हाय ती!"

"म्हणूनच. ज्याचं माणूस आत आहे त्यानं हत्यार धरायचं नाही. तो आंधळा घाव घालतो. डोलीजवळ उभा राहा."

बबन गेला. हवालदारानं पहार माझ्या हातात दिली. "धनावडे, तुम्ही. तिरकी घाला, सरळ नको. गुरव, घमेली मागं द्या." आणि तो स्वतः दहा पावलं मागं गेला. आंब्याच्या बुंध्याशी उभा राहिला, धारेकडं तोंड करून, शिट्टी दातांत धरून.

पहार चालवण्यात त्याचा हात धरणारा वाडीत कुणी नव्हता. मी ओरडलो, "हवालदार! मागं काय उभे? हिकडं या!"

तो आला नाही. वळलाही नाही. मी दोन शिव्या दिल्या. तिसरी तोंडात आली आणि तिथंच राहिली, कारण बबनला तो आत्ता काय म्हणाला ते मला तेव्हा कळलं. मी पहार तिरकी घातली.

थोड्या वेळानं दोन शिट्ट्या. चूप. चाळीस माणसं आणि पाऊस. कुणी खोकलंसुद्धा नाही, आणि मी शिंकलो नाही. खालून आवाज आला. ठण्. मग पुन्हा, ठण्. ती दुधाच्या चरवीवर काहीतरी आपटत होती. अण्णाजी कुजबुजला, "आबा, तुमच्या उजव्या पायाखाली."

आम्ही पाचजण हातांनीच माती काढायला लागलो. वासा दिसला, वाशाखाली गव्हाण, आणि तेवढ्यात तीन शिट्ट्या. पळा. हात मातीत होते, आवाज पायांखाली होता, आणि तरी आम्ही पळालो. रविवारचं पळणं अंगात मुरलेलं होतं. मागं वळून बघतो तर धारेचा आणखी एक लचका स्वयंपाकघराच्या जागेवर बसला होता. आधी जिथं चाळीस माणसं उभी होती, बरोबर तिथं. हवालदारानं धारेकडं बघितलं, बोटं वर करून शंभर मोजले आणि म्हणाला, "पुन्हा."

गव्हाणीनं वासा तोलून धरला होता, म्हणून ती जगली. पाय मोडला होता गुडघ्याखाली. तोंडात माती. आम्ही तिला डोलीत घेतली. अण्णाजी, ज्याला आम्ही दोन वर्षं वाहिला, तो पुढच्या खांद्याला होता. बबन मागच्या. आंब्याजवळून डोली चालली तेव्हा वयनीनं डोळे उघडले. हवालदार सावधानमध्ये उभा. तिनं त्याच्याकडं बघितलं. वाटलं आता काहीतरी लागेल असं बोलते.

"शिवराम," ती म्हणाली, "म्हशीची धार ऱ्हायली रे."

"काढतो, वयनी."

एवढंच. नऊ वर्षांनी एवढंच. डोली पाखाडी उतरून गेली. आणि एकही पायरी अडखळली नाही, हे मी अभिमानानं सांगतो. खाली आमच्याच पोरांनी पडलेला वड तोडून रस्ता मोकळा केला होता. जीप उभी होती. ती रत्नागिरीला रवाना झाली.

दुपारी लष्कराचा ट्रक आला. त्यातून एक तरुण साहेब उतरला, हिंदी बोलणारा. दोर, दिवे, फावडी, सगळं घेऊन आले होते. त्यानं विचारलं, "कितने लोग दबे हैं?"

हवालदार पुढं झाला. असा सलाम मी परत बघितला नाही. "साहब, बत्तीस घर. हाजिर एक सौ चार. जखमी एक, अस्पताल रवाना. लापता कोई नहीं."

साहेबानं आमच्याकडं बघितलं. चिखलानं माखलेली, लुंगीतली, धोतरातली, दात पडलेली माणसं. मग पाट्यांकडं. मग हवालदाराकडं. "आपकी यूनिट?"

"राखीव होतो साहेब. आता हीच," आणि त्यानं हात आमच्याकडं केला. माझी छाती एवढी फुगली की सदऱ्याचं एक बटण गेलं. ते मी अजून लावलेलं नाही.

साहेब म्हणाला, नदीपलीकडच्या वाडीतही दरड आलीय, तिथं आत किती आहेत ते कुणालाच सांगता येत नाहीये. जो तो वेगळा आकडा सांगतो. इथली माणसं, इथली भाषा, इथले मुंबईवाले तुम्हांला कळतात. तुमचं पथक हवं. आणि तुम्ही हवे. चला ट्रकमध्ये.

सहा वर्षं पोस्टमनची वाट बघून ज्या बोलावण्यासाठी शर्टाची बटणं लावली होती, ते बोलावणं ट्रक घेऊन दारात आलं होतं. मी हवालदाराचं तोंड बघत होतो. त्याचा एक पाय उचललाही गेला. मग तो खाली टेकला.

"पथक जाईल साहेब. मी नाही."

"क्यों?"

"म्हशीची धार राहिलीय."

साहेबाला कळलं नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं. हवालदारानं गळ्यातली शिट्टी काढली आणि माझ्या गळ्यात घातली. "आबा नेतील पथक."

धनावडे नाही. आबा. आम्ही बाराजण ट्रकमध्ये चढलो.

नदीपलीकडं आम्ही काय केलं त्याच्यावर मी वेगळा कागद भरू शकतो. थोडक्यात सांगतो. तिथं गेल्या गेल्या सगळी खोदत होती. मी एक शिट्टी मारली आणि एका रडणाऱ्या म्हातारीसमोर बसून विचारलं, "आये, मुंबैची सोड. काल रातीला तुज्या हातचं कितीजणं जेवली?" ती रडायची थांबली आणि बोटांवर मोजायला लागली. जिथं नऊ सांगत होते तिथं तीन निघाले, आणि तिघेही मिळाले. साहेबानं माझा हात हातात घेतला. दुसरी शिकलेल्या माणसाचा.

परतलो तेव्हा दिवे लागायला अजून वेळ होता. पाऊस उघडला होता. खाली वळणावर आमची घरातली उभी होती. म्हणाली, "तुमच्या हवालदाराला म्हस कासंला हात लावू देत नाय. दोनदा लाथ खाल्लीन. आमी तिघी बायांनी बगितलं, आमालाबी जवळ येऊ देईना. वयनीशिवाय कुनाचा हात म्हायती नाय तिला. कास दगडासारकी झालीय."

आम्ही पाखाडीनं वर आलो. हसत होतो, दमलो होतो, अण्णाजी साहेबाच्या हिंदीची नक्कल करत होता. हवालदाराला हिणवायचं असं सगळ्यांनी ठरवलं होतं. ट्रक सोडून म्हशीमागं राहिला म्हणून. गडग्याजवळ आलो आणि मी हात वर केला.

म्हैस त्याच्या पडवीत बांधली होती. तिच्या पोटाशी वयनी बसली होती. निदान पहिल्यांदा तसंच दिसलं. हिरवं जुनेर, डोक्यावरून पदर. गोठ्यातल्या खुंटीवरचं, धार काढताना ती गुंडाळायची ते, चिखलातून उपसून काढलेलं. एका माणसाच्या हाताला सवकलेलं जनावर वासावर फसतं, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. पदराखाली मिशा होत्या. लुगड्याखालून पलटणीचे बूट दिसत होते. चरवीत धार वाजत होती, एकसारखी. म्हैस डोळे मिटून उभी होती.

तो तिच्याशी बोलत होता. हुकमाचा आवाज नव्हता तो. तसा आवाज त्याच्याकडं आहे हे मला माहीत नव्हतं.

"येईल गो ती. पाय तेवढा मोडलाय. मी जाऊन बघून येणार हाय उद्या. तू धार दे, दूध घेऊन जातो तिला. येईल."

दुसऱ्या कुणाला असा बघितला असता तर वाडी वर्षभर हसली असती. मी मागं बघितलं. अण्णाजी पागोट्यानं तोंड पुसत होता. बबन जमिनीकडं बघत होता.

मी शिट्टी मारली नाही. नुसता हात केला, पथक मागं फिर. बाराजण जागच्या जागी फिरले, एकाही पायाचा आवाज न होता, आणि आम्ही सगळे मळ्यातल्या लांबच्या वाटेनं, गुडघाभर चिखलातून, आपापल्या घरी गेलो.